हातभर पाणी

राजूर,
९ फेब्रुवारी २०२५

मामा,

कागदावरूनच पाया पडते. फोनच करणार होते, पण मागच्या खेपेला मी "तब्येत कशी आहे?" विचारलं आणि तुम्ही "काल काढला, वखारीत टाकलाय" असं कांद्याचं उत्तर दिलंत. तेव्हापासून ठरवलंय, तुमच्याशी बोलायचं तर पोस्टानेच. मोबाईलवर लिहिलेलं तुम्ही वाचत नाही आणि तुमच्या योगेशला वाचायला सांगितलं तर तो निम्मं गाळतो.

बातमी अशी की तुमची भाची बुड्या मारायला लागली आहे. खरंच. माझ्याबरोबर आश्रमशाळेत शिकवणारी जयमाला आणि मी दिवाळीच्या सुट्टीत पुण्याला जाऊन शिकून आलो. याला फ्रीडायव्हिंग म्हणतात. पाठीला सिलिंडर नाही, काही नाही. छातीत एक श्वास घ्यायचा, वजन बांधलेल्या दोरीच्या कडेकडेने खाली जायचं आणि त्याच श्वासावर वर यायचं. आता आम्ही रविवारी परवानगी काढून भंडारदरा धरणाच्या फुगवट्यात सराव करतो. छगन नाववाला नाव घेऊन सोबत असतो. एकीने बुडी मारली की दुसरीने पाण्यात थांबून तिच्यावर नजर ठेवायची, हा नियम.

आई म्हणते, भावाचं रक्त. लहानपणी ती सांगायची, मामा विहिरीत बुडी मारून पंपाचा फुटबॉल काढतो, तेव्हा मला वाटायचं सोनईची पोरं रोज विहिरीत चेंडू घालवतात आणि मामा तो काढून देतात. पाइपच्या तोंडाच्या झडपेला फुटबॉल म्हणतात हे मला दहावीत कळलं.

मामा, खाली फार छान वाटतं. वर्गातला गोंगाट, तपासायच्या वह्या, आईने आणलेली स्थळं, सगळं वर नावेत राहतं. पाणी आधी हिरवं असतं, मग काळपट होतं, आणि स्वतःच्या काळजाचे ठोके शेजारच्या खोलीतून यावेत तसे ऐकू येतात. पण माझा डावा कान दगा देतो. थोडं खोल गेलं की असा ठणकतो की परत फिरावं लागतं. तुम्ही जन्मभर विहिरीत उतरलात. तुम्ही कानाचं काय करत होतात?

तुमची,
निकिता


सोनई,
१७ फेब्रुवारी

चि. निकितास मामाचा आशीर्वाद.

पत्र वाचून तुझ्या मामीला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "तळाला काय पडलंय तिचं?" मीही तेच विचारतो. तळाशी काही पडलेलं नसताना बुडी मारणारं माणूस मी पहिल्यांदाच ऐकलं. आम्ही मोटार काढायला गेलो, फुटबॉल काढायला गेलो, एकदा तर घोडेगावच्या बाजारातून आणलेलं रेडकू काढायला गेलो. नुसतं जाऊन यायला कधी गेलो नाही. पण तुला आनंद होतो ना, मग जा. माझ्या धंद्याची भाचीला लाज वाटत नाही, उलट हौस वाटते, याचं मला बरं वाटलं.

कानाचं विचारतेस, तर आम्ही काहीच करत नव्हतो. ठणकायचा, मग एक दिवस फुटायचा, मग मोकळं. माझे दोन्ही फुटले, म्हणून तर तुला पत्र लिहावं लागतंय. तेव्हा कानाच्या बाबतीत माझं ऐकू नकोस.

पण दमाच्या बाबतीत ऐक. ही विद्या मी फक्त योगेशला दिली आणि आता तुला देतो. पाण्यात जाण्याआधी भाता मारायचा. लोहाराचा भाता चालतो तसा जोरजोरात श्वास घ्यायचा आणि सोडायचा, थांबायचं नाही, बोटांच्या टोकांना मुंग्या येईपर्यंत. मुंग्या आल्या म्हणजे दम भरला. मग खाली कासावीस होत नाही. तळाशी बसून विडी ओढावी इतकी निवांत बुडी लागते. योगेश आता माझ्यापेक्षा जास्त टिकतो. आयटीआय केलं पोरानं, पण उन्हाळ्यात विहिरीची कामं त्याच्याकडंच येतात. पुढल्या महिन्यापासून धावपळ सुरू होईल.

भाता मारून बघ आणि कळव.

तुझा मामा,
कारभारी


राजूर,
२४ फेब्रुवारी

मामा,

तुमचं पत्र वाचताना रेडकापर्यंत हसत होते. भात्यापाशी आले आणि लगेच कागद घेऊन बसले.

रागावू नका. आम्हाला पहिल्याच दिवशी, पाण्यात पाय घालायच्या आधी जी एक गोष्ट बजावली ती हीच, की भाता मारायचा नाही. बुडीआधी शांत पडून राहायचं, नेहमीसारखा श्वास घ्यायचा, शेवटी एक पोटभर. कारण असं आहे, मामा. भाता मारल्याने चांगली हवा काही जास्त भरत नाही. छातीतली वाईट हवा तेवढी बाहेर जाते. आणि ती वाईट हवा साठली की पोटात उचक्या बसतात, जीव घाबरा होतो, "वर चल" म्हणून शरीर ओरडतं. तुम्ही ज्याला कासावीस म्हणता ना, ती आपली राखण आहे. भाता मारला की राखणदार झोपतो. माणसाला निवांत वाटतं आणि आतली चांगली हवा कधी संपली ते कळतच नाही. मग शुद्ध जाते. दुखत नाही, खुपत नाही, दिवा मालवल्यासारखी जाते.

माझा कान राहू द्या. योगेशला भाता मारू देऊ नका. आजच सांगा.

निकिता


सोनई,
४ मार्च

निकिता,

गुरूची विद्या गुरूला, असं झालं. दिवाळीत फी भरून पोहायला शिकलीस आणि शिमग्याला मामाला शिकवायला निघालीस. तुझ्या पुण्याच्या सरांनी कुठल्या विहिरीचा गाळ काढला आहे ते एकदा विचार. मी भाता मारूनच सगळा जन्म काढला आणि तुझ्या पत्राला उत्तर लिहायला जिवंत आहे.

योगेशला काही सांगणार नाही. पोरगं विहिरीत उतरताना त्याच्या मनात भीती घातली तर तीच त्याला बुडवील.

मामी बरी आहे.

कारभारी


राजूर,
१८ मार्च

मामा,

तुम्ही रागावलात. पण आता जे लिहिते ते पुण्याच्या सरांचं नाही, माझ्या डोळ्यांनी पाहिलेलं आहे.

धुळवडीच्या सुट्टीला योगेश माझ्याकडे आला होता. बुडी बघायची म्हणाला. रविवारी नेलं बरोबर. काय सुंदर उतरतो हो तो. आम्ही दोघी शिकून शिकून जे करतो ते त्याच्या अंगातच आहे. पाण्याचा थेंब उडत नाही. वर आला तेव्हा असा खूश होता की मलाच भरून आलं. म्हणाला, "ताई, विहिरीत निस्तं काम दिसतं. हितं पानी दिसलं." मी त्याला तिथेच म्हटलं, दर महिन्याला येत जा.

दुसरी बुडी त्याने नावेच्या पलीकडच्या बाजूने मारली. मला वाटलं, सावलीला गेला असेल. जयमालाने पाहिलं, तो तिकडे तोंड करून भाता मारत होता. ती मला हाक मारेपर्यंत हा खाली गेला होता. किती वेळ गेला ते सांगत नाही, कारण मी तो मोजू शकले नाही. मी अर्ध्या दोरीपर्यंत खाली गेले आणि त्याच्याबरोबर वर आले. वर आल्यावर त्याची हनुवटी लटलट हलत होती आणि डोळे माझ्याकडे असून माझ्याकडे नव्हते. त्याने विचारलं, "किती येळ झाला?" मी म्हटलं, मोजला नाही. थोड्या वेळाने परत तेच विचारलं. पहिल्यांदा विचारलेलं त्याला आठवत नव्हतं. मामा, तो उंबऱ्यावरून परत आला.

मी खूप ओरडले. तो हसला. "ताई, तू लई भितीस. आबांनी सांगितलंय, मुंग्या येईस्तवर. आबांचा सबूद हाय."

तेव्हा माझं तो ऐकणार नाही. जयमालाचं ऐकणार नाही. तुमचं ऐकेल. एक ओळ त्याला सांगा, एवढंच मागते. हवं तर माझ्याशी जन्मभर बोलू नका.

निकिता


सोनई,
२७ मार्च

चि. निकितास आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. तू पोटतिडकीनं लिहिलंस, म्हणून राग सोडून लिहितो. तुझी भीती खोटी नाही, पण तू ती चुकीच्या खुंटीला टांगली आहेस. पाण्यात माणूस भात्यानं जात नाही. तुला आजवर सांगितलं नव्हतं ते सांगतो.

माझा जोडीदार होता रंभाजी. आम्ही एका वयाचे, समोरासमोर घरं. दोघं मिळून विहिरी करायचो, एकदा तो खाली, एकदा मी. त्याचं लग्न होऊन वर्षही झालं नव्हतं. एका मळ्यातल्या विहिरीत मोटारीची साखळी अडकली होती. कालव्याला पाण्याचं आवर्तन सुटलेलं, विहीर भरलेली. रंभाजी आधी दोनदा जाऊन आला होता. तिसऱ्यांदा खाली गेला आणि साखळी सोडवून वर आला. आम्ही सगळे पायऱ्यांवर होतो. त्याचं तोंड मला पाण्यात दिसलं, वर यायला हातभर पाणी राहिलं होतं. डोळे उघडे होते आणि तो हसत होता. निके, मी ते हसू अजून विसरलो नाही. हसत हसत तो तिथंच थांबला आणि मग हळूहळू खाली गेला. गुदमरणारा माणूस असा जातो का? हातपाय मारतो, ओरडतो. हा हसत गेला. विहिरीवरच्या म्हाताऱ्यानं सांगितलं, आसरांनी नेला. त्या पाण्यातल्या बायका असतात, आवडला की नेतात.

आणि आसरांनी धरलेल्याला कुणी हात लावायचा नसतो. लावला तर त्याही माणसाला नेतात. ही रीत आहे. त्याची बायको गोजरबाई जेवण घेऊन आली होती. ती पाण्यात उडी घ्यायला निघाली. आम्ही तिला धरून ठेवली, नाहीतर त्या दिवशी दोन तिरड्या निघाल्या असत्या. आज ती समोरच राहते. नातवंडं नाहीत, कुणी नाही, पण जिवंत आहे.

म्हणून योगेश आधी काठावर नारळ आणि हळदीकुंकू ठेवल्याशिवाय उतरत नाही. ते मी त्याला पक्कं शिकवलंय. तू काळजी करू नकोस, आणि तूही ठेवत जा.

तुझा मामा


राजूर,
२ एप्रिल

मामा,

हे पत्र मी तीनदा फाडलं. आता जसं येईल तसं लिहिते.

रंभाजीकाकांना आसरांनी नेलं नाही.

तुम्ही लिहिलंत ते एकेक लक्षण आम्हाला शिकवलेलं आहे. ओळीने खोल बुड्या. त्याआधी भाता मारला असणार, तुम्ही लिहिलं नाहीत तरी मला माहीत आहे. शुद्ध तळाशी जात नाही, मामा, वर येतानाच जाते, आणि बहुतेकदा शेवटच्या हातभर पाण्यात. खाली पाण्याच्या दाबाने छातीतली उरलीसुरली हवा पुरते, वर येताना दाब सुटतो आणि ती एकदम अपुरी पडते. डोळे उघडे राहतात. तोंडाचे स्नायू ओढले जातात आणि हसल्यासारखं दिसतं. माणूस हातपाय मारत नाही, कारण तो तिथे नसतोच.

पण तो मेलेला नसतो. हे नीट वाचा. त्याने अजून पाणी ओढलेलं नसतं. अशा वेळी त्याला धरायचं, हनुवटीखाली हात घालून तोंड पाण्याबाहेर काढायचं, डोळ्यांवर आणि गालांवर फुंकर घालायची, गालावर चापटी मारायची आणि नाव घेऊन सांगायचं, श्वास घे. बहुतेक वेळा तो घेतो. जयमाला आणि मी दर रविवारी एकमेकींवर याचा सराव करतो. सुरुवातीला हसू यायचं. आता येत नाही.

तुम्ही योगेशला भात्याबद्दल सांगणार नसाल तर नका सांगू. पण तो पाण्यात असेल तेव्हा तुम्ही पायरीवर उभे राहा, कोरडे नाही, कमरेएवढ्या पाण्यात. आणि तो हसत वर आला तर आसरांना हात जोडू नका.

बाकीचं मी लिहीत नाही. माझा तुमच्यावर फार जीव आहे.

निकिता


राजूर,
२५ एप्रिल

मामा,

तुमचं उत्तर नाही. योगेशला रोज फोन करते, उचलत नाही. आधी वाटलं, तुम्ही दोघे रागावलात. काल आईने मामीला फोन केला तर मामी म्हणाली, "हायेत समदे," आणि ठेवून दिला. सगळे आहेत म्हणजे काय? कसे आहेत?

या रविवारी मी पाण्यात उतरले नाही. श्वास घ्यायला पडून राहिले आणि योगेशची हनुवटीच दिसायला लागली. जयमाला म्हणाली, आज नको. आम्ही दिवसभर नावेत बसून आलो.

शिव्या घाला, पण दोन ओळी पाठवा. पुढच्या शनिवारपर्यंत पत्र आलं नाही तर मी सोनईला येते.

निकिता


सोनई,
२८ एप्रिल

चि. निकितास.

सगळे आहेत. योगेशही आहे. आधी हे वाचून घे, मग पुढचं वाच.

तुझं ते पत्र वाचलं आणि घडी घालून फळीवर ठेवून दिलं. योगेशला काही सांगितलं नाही. तुझं खरं मानलं असतं तर रंभाजीचं काय, हे मला नको होतं. म्हातारपणी माणूस पोरापेक्षा आपल्या समजुतीला जास्त जपतो. तसं केलं मी.

मग कालव्याला आवर्तन सुटलं आणि ज्ञानेश्वरच्या मळ्यात फुटबॉल चोंदल्याचा निरोप आला. योगेश उतरला. नारळ ठेवला, हळदीकुंकू ठेवलं, भाता मारला. मी पायरीवर उभा होतो. कोरडा नव्हतो. तुझं पटलं म्हणून नव्हे, पायच तसे गेले. गुडघ्याएवढ्या पाण्यात होतो.

तो वर आला तो हातात फुटबॉल घेऊन, आणि हसत. हातभर पाणी राहिलं होतं. तेच हसू, निके. पोरगं माझं आणि हसू रंभाजीचं.

आणि माझे हात आधी जोडले गेले. तू लिहिलं होतंस, तरी जोडले गेले. वरून ज्ञानेश्वरचा बाप ओरडत होता, "हात लावू नका, कारभारी, दोगं जाताल." मला लांबचं ऐकू येत नाही, पण काय ओरडत असेल ते माहीत होतं. योगेशच्या हातातून फुटबॉल सुटला. पोरगं खाली जाताना दिसलं तेव्हा माझे हात सुटले. मी पुढं पडलो, त्याच्या केसाला धरलं, मग हनुवटीखाली हात घातला. फुंकर घातली, चापट्या मारल्या. त्याचं नाव मी किती मोठ्यानं घेतलं ते मला कळलं नाही. लोक म्हणतात, रस्त्यावर ऐकू आलं. आधी काहीच नाही. मग त्याच्या छातीत काहीतरी अडकून सुटल्यासारखं झालं आणि त्यानं श्वास घेतला. डोळे माझ्यावर आल्यावर म्हणाला, "आबा, मारता का?"

दवाखान्यात नेलं, एक रात्र ठेवलं. आता हिंडतो फिरतो. लाजेनं तुझा फोन उचलत नाही. मी त्याच्यासमोर सांगितलं, भाता बंद. तो म्हणाला, "मंग काय करायचं?" म्हटलं, ताईकडं जायचं आणि तिच्यासारखं शिकायचं. मलाही छगनच्या नावेत बसायला जागा ठेव. दोन डोळे अजून धड आहेत, राखण करीन.

तुला लगेच लिहिलं नाही, त्याचं कारण आता लिहितो.

दवाखान्यातून आलो त्या दिवशी घरी माणसांची रीघ लागली. सगळे म्हणत होते, आसरांनी सोडला, नवस फेडा. मी हो ला हो करत होतो. माणसं गेल्यावर गोजरबाई आली. समोर राहते, पण उंबरा चढून किती वर्षांनी आली असेल. योगेशच्या तोंडावरून हात फिरवला, मग माझ्यापुढं बसली आणि म्हणाली, "भावजी, कसं धरलं ते दावा."

मी योगेशला जवळ बसवून दाखवलं. एक हात हनुवटीखाली. तोंड वर. फुंकर.

तिनं ते नीट बघितलं. मग काहीतरी म्हणाली. आवाज अगदी बारीक असेल, मला ऐकू आला नाही, पण ओठ दिसले. म्हणाली, "येवढंच?"

मी म्हणालो, "येवढंच, वहिनी."

ती उठली आणि घरी गेली. तिनं दार लावून घेतलेलं इथून दिसलं. तेव्हापासून मी तुला लिहायला बसतो आणि उठतो. मी तुला लिहिलं होतं की आम्ही तिला धरून ठेवली. किती जणांनी ते लिहिलं नव्हतं. बारीक पोरगी होती, सोळा-सतरा वर्षांची, आणि ती पाण्याकडं अशी ओढत होती की तिला धरायला आम्ही तिघं लागलो होतो.

तुझा मामा,
कारभारी